मुळांचा सोबती

जमिनीवर उभा असलेला वृक्ष सर्वांना दिसतो. त्याची मुळे मात्र मातीच्या पोटात दडलेली असतात. त्या मुळांचा एक सोबतीही तेथेच राहतो. तो इतका सूक्ष्म असतो की, मूळ उपटून हातात घेतले, तरी बहुधा डोळ्यांना दिसत नाही. हा सोबती म्हणजे एक प्रकारची बुरशी होय. शिळ्या भाकरीवर वाढणारी बुरशी अन्नाची नासाडी करते. ही बुरशी मात्र वनस्पतीच्या पोषणाला हातभार लाविते. मूळ आणि बुरशी यांच्या या सहवासाला ‘मायकोरायझा’ असे म्हणतात. आल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली ग्रीक शब्दांवरून हे नाव बनविले. त्याचा अर्थच ‘बुरशी-मूळ’ असा आहे.

या दोघांचा व्यवहार देवाणघेवाणीचा असतो. बुरशीला सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. वनस्पती तिला साखर पुरविते. पिकाला लागणारे स्फुरद हे द्रव्य मातीच्या कणांना चिकटून राहते. मुळाजवळचे स्फुरद संपले की, दूरचे आपोआप चालत येत नाही. अशा वेळी बुरशीचे तंतू कामास येतात. केसाहूनही कितीतरी बारीक असलेले हे तंतू, जेथे मुळांचा शिरकाव होत नाही, अशा फटींत शिरतात आणि तेथील स्फुरद, जस्त व थोडाबहुत ओलावा मुळापर्यंत पोचवितात. माती सुकली की स्फुरदाची हालचाल आणखी मंदावते. म्हणून कोरड्या प्रदेशात या सोबत्याचे मोल फार मोठे आहे.

परंतु सर्व जमिनींत एकाच जातीची बुरशी नांदत नाही. जशी जमीन, तशी तिची वस्ती. मोठ्या बीजाणूंची जायगॅस्पोरा ही बुरशी वाळूच्या टेकड्यांत विशेष आढळते. तिचे तंतू तुटले की ती सहसा पुन्हा उभारी धरीत नाही. ग्लोमस गटातील बुरशी तुटक्या तंतूंपासूनही वाढू शकते. त्यामुळे नांगरलेल्या शेतात तीच टिकून राहते. चुनखडीच्या जमिनीतही तिचे प्राबल्य असते. जमिनीत खताचे स्फुरद अतोनात झाले, तर वनस्पती साखर देताना हात आखडता घेते आणि बुरशीची वाढ खुंटते.

जमिनीची स्थिती बिघडली म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. क्वीन्सलँड राज्यातील डार्लिंग डाउन्स या प्रदेशात दख्खनच्या काळ्या मातीसारखीच भेगाळणारी चिकण माती आहे. पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे तेथील शेतकरी कधी कधी वर्षाहूनही अधिक काळ शेत पडीक ठेवीत. पावसाचे पाणी मातीत मुरावे आणि तणांनी ते पिऊन टाकू नये, म्हणून जमीन अगदी उघडी राखीत. पाणी साठे खरे. पण पुढे पेरलेली मका, सूर्यफूल यांसारखी पिके खुरटून जात. ओल असूनही पीक का वाढत नाही, हे एक कोडेच होते. १९८७ साली जे. पी. थॉम्पसन या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. दीर्घकाळ जिवंत मुळे न मिळाल्यामुळे जमिनीतील उपकारक बुरशी उपासमारीने घटली होती. मातीत स्फुरद होते. ते आणून देणारा सोबती उरला नव्हता.

ज्वारी, बाजरी, मका आणि तूर ही पिके या बुरशीला आश्रय देतात. मोहरी आणि कोबी यांच्या मुळांत मात्र ती वस्ती करीत नाही. म्हणून कोरडवाहू शेतीत पिकांची फेरपालट विचारपूर्वक करावी, जमीन दीर्घकाळ उघडी ठेवू नये, नांगरट गरजेपुरतीच करावी आणि खत मापाने घालावे. माती ही केवळ निर्जीव धूळ नव्हे. ती असंख्य जीवांचे घर आहे. ते घर राखले, तरच त्यातील हा अबोल सोबती पिकाला दुष्काळातही साथ देतो.