जळालेल्या विमानाची साक्ष

एखादें यंत्र आगींत जळून गेल्यावर त्या आगीचें कारण शोधावें तरी कसें, असा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांस पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आम्ही एका खऱ्या घटनेच्या आधारानें देऊं इच्छितों.

ता. २० ऑगस्ट २००७ रोजीं सकाळीं तैवानहून निघालेलें चायना एअरलाइन्सचें बोइंग ७३७-८०० जातीचें विमान जपानांतील ओकिनावा बेटावर, नाहा विमानतळावर, सुखरूप उतरलें. आंत उतारू व कर्मचारी मिळून १६५ माणसें होतीं. विमान ठरल्या जागीं उभें राहिलें, तोंच उजव्या पंखाखालीं इंधन गळून आग लागली. सर्वजण घाईघाईनें बाहेर पडले आणि थोड्याच अवधींत स्फोट झाला. सुदैवानें एकही जीव गेला नाहीं. विमान मात्र जळून गेलें.

आग कोठें भडकली हें कोणासही दिसतें. पण ती कशानें सुरू झाली, हें चौकशी करणाऱ्यास हवें असतें. त्यासाठीं तो एकेक पायरी मागें जातो. आग लागली ती तापलेल्या इंजिनापाशीं इंधन पोंचल्यामुळें. इंधन आलें कोठून? पंखांतील टाकींतून. मग टाकीला भोंक कशानें पडलें?

पंखाच्या पुढल्या कडेस सरकत्या फळ्या असतात. त्यांस स्लॅट म्हणतात. उतरतांना विमानाचा वेग कमी असतो, तेव्हां पंखास अधिक आधार मिळावा म्हणून त्या पुढें सरकवितात, व उतरल्यावर पुन्हां आंत घेतात. आंत येणारा फळीचा दांडा टाकीमध्यें बसविलेल्या एका धातूच्या नळकांड्यांत शिरतो. तो हद्दीबाहेर जाऊं नये म्हणून त्यास नट-बोल्टाचा अडसर असतो. चौकशींत हाच बोल्ट नळकांड्याची भिंत भेदून गेलेला आढळला. अडसरांतील एक लहानसा वॉशर तेवढा जागेवर नव्हता. नटाहून दांड्याचें भोंक मोठें असल्यामुळें वॉशरवांचून सारा अडसर निसटला, व आंत येणाऱ्या दांड्यानें त्यास रेटून भोंक पाडलें.

हा वॉशर गेला कोठें? सुमारें दीड महिना आधीं त्याच जागीं काम झालें होतें. त्या वेळींच तो गळाला असावा, असें अनुमान निघालें. आश्चर्य हें कीं, नट सैल होऊन पडूं नये म्हणूनच तें काम केलें होतें! जागा मोठी अडचणीची होती.

२००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत जपानच्या चौकशी मंडळानें केवळ कामगाराकडे बोट दाखविलें नाहीं. कामाच्या सूचना देतांना विमान बांधणाऱ्या कंपनीनें व तें चालविणाऱ्या कंपनीनें जागेच्या अडचणीचा पुरेसा विचार केला नव्हता. आणि कामगारानें वा त्यावर देखरेख करणारानें ती अडचण वर कळविली नव्हती, असें मंडळानें म्हटलें. तत्पूर्वींच, आगीनंतर आठवड्याच्या आंत, अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें तशा विमानांच्या तपासणीचा हुकूम काढला होता. प्रथम दिलेली २४ दिवसांची मुदत लगेच १० दिवसांवर आणली गेली.

अशा चौकशीचा हेतु कोणास शिक्षा करणें हा नसून, तसा प्रसंग पुन्हां येऊं नये हा असतो. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें घ्यावें कीं, “येथें मला नीट दिसत नाहीं, हें मला जमत नाहीं,” असें वेळींच सांगणें कमीपणाचें नव्हे. आणि मूल तसें सांगूं लागलें असतां पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं तें न रागावतां ऐकून घ्यावें. त्या दिवशीं १६५ माणसें वांचलीं. पण तो धोका एका शब्दानें दीड महिना आधींच टळला असता.