विश्लेषण : बदलापूर शहर झाले, पण उल्हास नदी कोणाच्या ताब्यात?

पावसाळ्यात रात्री जोर वाढला की बदलापूर पश्चिमेत, नदीकाठच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : 'पातळी किती झाली?' उल्हास नदीची बदलापूर येथील इशारा पातळी १६.५० मीटर, तर धोका पातळी १७.५० मीटर आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या एका मीटरमध्ये तळमजल्यावरची कुटुंबे सामान माळ्यावर चढवतात आणि दुचाकी, मोटारी उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावतात. शहर चालवते नगरपरिषद. मात्र नदीचा कारभार अनेक यंत्रणांमध्ये वाटला गेला आहे. हा पेच कसा निर्माण झाला?

कुळगाव-बदलापूर हे जोडनाव कसे आले?

बदलापूर गाव उल्हास नदीच्या बाजूला, तर रेल्वे स्थानक कुळगावात. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे रेल्वे गेली आणि या खोऱ्यातल्या भातशेतीच्या गावांना मुंबईची वाट मिळाली. घाटाकडे जाणारे प्रवासी येथे घोडे बदलत, त्यावरून बदलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. कुळगाव आणि बदलापूरबरोबर मांजर्ली, बेलवली, कात्रप, शिरगाव, खरवई, वालिवली, एरंजाड अशी आजूबाजूची गावे मिळून आजचे शहर झाले आहे. येथील जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र ज्या मोकळ्या जमिनींवर ही झाडे होती, तेथे आता इमारती वाढत आहेत.

नगरपरिषद कधी झाली?

१९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा डोंबिवली आणि अंबरनाथबरोबर बदलापूरही तिच्यात समाविष्ट होते. कल्याणच्या मुख्यालयातून इतक्या दूरच्या गावांचा कारभार हाकणे अवघड गेले. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर महापालिकेतून वेगळे करून त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा करण्यात आल्या.

त्यानंतरची वाढ झपाट्याने झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. ठाणे, डोंबिवलीत घर परवडत नाही म्हणून मध्यमवर्गीय लोकलच्या पुढच्या स्थानकांकडे सरकले, हे त्यामागचे साधे कारण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवरचे हे गाव नोकरदारांचे शहर बनले. याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूर आजही नगरपंचायती आहेत. बदलापूरने तो टप्पा केव्हाच ओलांडला आहे.

उल्हास उन्हाळ्यातही का वाहते?

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी या मार्गाने बदलापूरला येते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. उल्हास मात्र वाहत राहते. याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. मावळातील आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीच्या टाटा वीजगृहात सोडले जाते. वीजनिर्मितीनंतर ते पेज नदीतून उल्हासला मिळते. एरवी इंद्रायणी, भीमामार्गे बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते पाणी अशा रीतीने बदलापूरच्या नळाला येते.

शहराजवळ नदीवर बॅरेज बंधारा आहे. तेथून उचललेले पाणी खरवईच्या केंद्रात शुद्ध होऊन घरोघरी जाते. ही व्यवस्था महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे पाणी कमी दाबाने आल्याची ओरड नगरसेवकाकडे होते, योजना मात्र दुसऱ्याच कार्यालयाकडे असते.

बारवी धरणामुळे पूर येतो का?

हा समज शहरात पक्का आहे, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधलेले आणि पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढवलेले बारवी धरण उल्हासवर नसून बारवी या उपनदीवर आहे. त्याची साठवण क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर असून जिल्ह्यातील उद्योगांना आणि अनेक शहरांना ते पाणी पुरवते. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या अंगाला. त्यामुळे धरणाचे दरवाजे उघडले की पहिला धोका बारवीकाठच्या गावांना असतो.

बदलापूर शहराचा पूर मुख्यतः कर्जत, नेरळ भागात आणि घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसातून येतो. बदलापूरच्या वरच्या बाजूला उल्हासच्या मुख्य प्रवाहावर हा लोंढा अडवणारे मोठे धरण नाही. कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरण वर्षानुवर्षे रखडले आहे. पोशीर आणि शिलार या धरणांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, पण धरण बांधून होईपर्यंत बरेच पावसाळे जातात.

पुराने काय दाखवून दिले?

२६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूरचा पश्चिम भाग पाण्याखाली गेला. १४ वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि चामटोली परिसरातील ग्रामस्थांच्या मदतीने बाहेर काढावे लागले. गाडीची बातमी देशभर गाजली, पण त्याच दिवशी हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागातील घरांत शिरलेल्या पाण्याची तेवढी चर्चा झाली नाही.

पूररेषा म्हणजे काय, आणि वाद कशाचा?

सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची वाढवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळू शकते.

रेषा ठरवते जलसंपदा विभाग, बांधकाम परवानगी देते नगरपरिषद, पुराचा इशारा देते जिल्हा प्रशासन. रेषेच्या आत आधीच उभ्या असलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडतो, म्हणून रेषा बदलण्याची मागणी होते. रहिवाशांची अडचण खरी आहे. पण कागदावर रेषा मागे सरकवली म्हणून नदी मागे सरकत नाही. उलट काठावर भराव पडला की पाणी शेजारच्या वस्तीत शिरते.

नगरपरिषद काय करू शकते?

मे २०२० मध्ये लोकनियुक्त मंडळाची मुदत संपल्यानंतर येथे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकीय राजवट होती. निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. महापालिकेसाठी तीन लाख लोकसंख्येची अट असल्याने पुढच्या जनगणनेनंतर दर्जा बदलण्याची चर्चाही जोर धरेल.

मात्र कर्जतकडून येणारा पूर अडवणे नगरपरिषदेच्या हातात नाही, महापालिका झाली तरी नसेल. तिच्या हातात आहेत ते शहरातले नाले, सांडपाण्याची प्रक्रिया, नदीकाठचा भराव आणि बांधकामाच्या परवानग्या. नवे घर घेणाऱ्याने सातबारा आणि आराखड्याबरोबर त्या जागेची पूररेषाही तपासून घ्यावी. दरवाजा-खिडक्या नंतर बदलता येतात, तळमजल्याची उंची बदलता येत नाही.