तू वाच, मी ऐकतो

सातवीत असताना मला वाचनाचा मनस्वी तिटकारा होता. कारण ऐकाल तर क्षुल्लक वाटेल. वर्गात धडा वाचताना मी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले आणि सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले. आमच्या घरात, चाळीत सगळे ‘पानी’च म्हणत. त्या दिवसापासून पुस्तक हाती घेतले की ते हसणे कानात वाजायचे. वर्गात मी तोंड उघडायचेच सोडले.

माझे वडील निरक्षर. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, तेव्हापासून रात्रपाळीची रखवालदारी करीत. तरी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेले की शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या दुकानातून एखादे पुस्तक आणीतच. एका वर्षी त्यांनी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ आणले. म्हणाले, “मला वाचता येत न्हाई. तू वाच, मी ऐकतो.”

कामावर जाण्याआधी रोज अर्धा तास मी वाचू लागले. वडिलांना ‘न’ आणि ‘ण’चे काही देणेघेणे नव्हते. पुढे काय झाले, एवढेच त्यांना हवे असे.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १८६४ च्या सुमारास गुलाम आईच्या पोटी जॉर्ज जन्मला. तान्हा असतानाच गुलाम पळविणाऱ्या टोळीने त्याला आईसकट पळविले. आई पुन्हा कधीच सापडली नाही. मूल तेवढे परत मिळाले, एका घोड्याच्या बदल्यात. तिथे वडिलांनी मला थांबविले. “घोड्याच्या बदली मानूस?” एवढेच बोलले. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “पुढं वाच.”

गावच्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. म्हणून जॉर्ज घर सोडून दुसऱ्या गावी गेला. तिथे मारिया वॉटकिन्स नावाच्या बाईने त्याला आसरा दिला. ती लोकांचे कपडे धुवी. हे ऐकताच चार घरची धुणीभांडी करणारी माझी आई स्टोव्ह बारीक करून आमच्याजवळ येऊन बसली. शिकून जे मिळेल ते आपल्या लोकांना परत द्यायचे, ही मारियाची शिकवण जॉर्जने जन्मभर पाळली.

एका कॉलेजने तो काळा म्हणून दारातूनच परत पाठविले. तरी १८९६ साली शेतीशास्त्राची वरची पदवी घेऊन तो टस्कीगीच्या काळ्या मुलांच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथे भंगारातल्या बाटल्या-डबे गोळा करून त्याने प्रयोगशाळा उभारली. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी लावायला गरीब शेतकऱ्यांना शिकविले. १९०६ पासून तर गाडीवरची चालती शाळाच त्यांच्या दारी नेली.

पुस्तक संपले तेव्हा वडील म्हणाले, “आता दुसरं आन.” माझी वाचनाची गोडी तिथून सुरू झाली. पुढे वर्गातही वाचू लागले. ‘ण’ हळूहळू आपसूक जमला.

माता-भगिनींनो, १९८१ साली निघालेल्या या पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या. ते आजही मिळते. सहावी-सातवीच्या पुढची मुले ते स्वतः वाचू शकतात. लहानांना रोज थोडी थोडी गोष्ट सांगावी. विकत घेणे परवडत नसेल तर वाचनालयातून आणा.

एक पथ्य मात्र पाळा. मूल वाचत असताना चुका काढू नका, हसू तर मुळीच नका. टीव्ही-मोबाईल अर्धा तास बंद ठेवा आणि जवळ बसा. तुम्हाला वाचता येत नसेल तरी बिघडत नाही.

१९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडविले, ते आपण जाणतोच. तुमच्या मुलाच्या पुढच्या वाढदिवसाला केकबरोबर एक पुस्तकही आणा, आणि त्याला सांगा : तू वाच, मी ऐकतो.