भूल देण्याआधीची तयारी

थिएटरचा दरवाजा बंद होतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. आत काय चालले असेल, हा एकच प्रश्न. आत काम करणारी आम्ही माणसे आज त्याचे थोडे उत्तर देणार आहोत.

पेशंट आत येण्यापूर्वीच आमचे निम्मे काम झालेले असते. भूल देणारे डॉक्टर सकाळी लवकर येऊन आधी मशीन तपासतात. नळातून ऑक्सिजन येतो की नाही, तो बंद पडलाच तर शेजारचा सिलिंडर भरलेला आहे का, हे पाहतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या गळ्याचा सिलिंडर ऑक्सिजनचा. वीज गेली, मशीन अडले तरी हाताने दाबून श्वास देता यावा म्हणून रबरी फुग्यासारखी पिशवी हाताशी ठेवलेली असते. घशातली थुंकी, उलटी ओढून घेणारे सक्शन चालू करून पाहतात. घशात पाहण्याच्या उपकरणाचा दिवा लागतो का, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या लहानमोठ्या मापाच्या आहेत का, हेही पाहिले जाते. औषधे सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावतात. हृदय मंदावले तर लागणारे औषधही तयारच असते. बहुतेक वेळा ते लागत नाही. पण लागते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

एवढे कशासाठी? 1848 साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. ऑपरेशन लहान असते, भूल लहान नसते.

मात्र आमची सगळी तयारी एका गोष्टीवाचून अपुरी आहे. ती म्हणजे तुम्ही सांगितलेले खरे. भुलेत घशाची राखण सुटते. पोटात अन्न असले तर ते वर येऊन फुप्फुसात जाते आणि जीव धोक्यात येतो.

एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक लहान मुलगा आला. वॉर्डात आईने "उपाशी आहे" म्हणून सांगितले होते. दारात आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा ती रडू लागली. "लई रडत होता हो, दोन बिस्किटं दिली." ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. बाप चिडला, त्याचा आणखी एक रोज बुडाला होता. त्याचा राग आम्हाला कळत होता. पण त्या माउलीने खरे सांगून पोराचा जीव जपला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुखरूप झाले.

साधारण नियम असा: जेवण, चहा, दूध सहा तास आधी बंद, तेलकट, मटण आठ तास आधी, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी. तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच खरी माना. दमा, फिट, दारू, तंबाखू, मिश्री, कुठल्या औषधाची ॲलर्जी, यातले काही लपवू नका. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणा. हलणारा दात, कवळी असेल तर सांगा. नखांचा रंग पुसून या, कारण बोटाला लावलेले यंत्र रक्तातला ऑक्सिजन दाखवते.

नाव काय, ऑपरेशन कशाचे, काय खाल्ले, हे आम्ही तीन-तीनदा विचारतो. राग मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली दिलेल्या यादीतही भुलेआधी नाव, ऑपरेशनची जागा आणि मशीन तपासायला सांगितले आहे. बुडालेला रोज पुन्हा कमावता येतो. गेलेले माणूस परत येत नाही.