कोरकू शिकू लागणाऱ्याची पहिली पावले

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवरील डिंभे धरणाच्या परिसरात महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांची वस्ती आहे. शहरी मराठी माणूस तेथे गेला तर बोलण्याचा हेल निराळा, कित्येक शब्द अनोळखी, असे त्यास आढळते. परंतु थोड्या सवयीने अर्थ लागू लागतो, कारण या बोलींचे मराठीशी नाते जवळचे आहे. अडचण होते ती या जवळिकीचीच. तो त्या बोलींस अशुद्ध मराठी समजतो आणि शिकण्यासारखे तेथे काही आहे, हेच मानीत नाही.

हाच माणूस शिक्षक किंवा डॉक्टर म्हणून अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, धारणी वा चिखलदरा तालुक्यात गेला, म्हणजे मात्र मराठीचा आधार सुटतो. तेथील कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा असून संताळी व मुंडारी या तिच्या बहिणी शेकडो मैल पूर्वेस नांदतात. हात या अर्थी 'ती', खाणे या अर्थी 'जोम', सहा म्हणजे 'तुरुई' आणि दहा म्हणजे 'गेल' हे शब्द संताळीत व कोरकूत सारखेच आहेत. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक भरली. त्यांतील बहुतेक मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात आहेत.

मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई असे पाचापर्यंतचे अंक एका बैठकीत पाठ होतात. खरी कसोटी त्यापुढची. 'कोरो' म्हणजे माणूस. त्यास 'कू' जोडले की माणसे, आणि लोकांचे नावही त्यातूनच आले. 'सिता' म्हणजे कुत्रा, 'सिताकू' म्हणजे कुत्रे. पण कुत्रे दोनच असतील तर 'सिताकिङ्' म्हणावे लागते. शाळेत 'रामः, रामौ, रामाः' घोकलेल्यास हे द्विवचन परके वाटू नये. हे प्रत्यय सामान्यतः सजीवांसच लागतात. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग यांचा मराठीतला पसारा तेथे नाही; सजीव की निर्जीव, हा भेद महत्त्वाचा.

मराठी माणसास एक गोष्ट मात्र आयती मिळालेली आहे. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे तर 'आले', त्यास धरून बोलावयाचे तर 'आबुङ्'. म्हणजे आपले 'आम्ही' आणि 'आपण'. कॅनडातील सोटो या मूलनिवासी भाषेतही हा भेद आहे, सजीव-निर्जीवाचाही आहे. इंग्रजीत दोहोंस एकच सर्वनाम असल्याने इंग्रजी बोलणाऱ्यास तो नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. १९०३ साली कोरकूचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या जॉन ड्रेक यांची मातृभाषा इंग्रजीच होती.

तथापि ही देणगी जपून वापरावी लागते. मराठीत 'आपण' आदराने समोरच्यासही म्हणतात. 'आबुङ्'चा तो उपयोग नव्हे. उलट घाईत 'आले' म्हटले गेले तर प्रसंग अवघड होतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईस डॉक्टर सांगू पाहतो, आपण त्याला दवाखान्यात नेऊ; आणि त्याच्या शब्दांचा अर्थ होतो, आम्ही नेऊ, तू नव्हेस. आईने मूल घट्ट धरून ठेवले तर तिला अडाणी म्हणणे सोपे असते. चूक एका सर्वनामाची असते.

वाक्यरचना फार छळत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम मराठीसारखाच. क्रियापदास एकामागून एक चिकटणारे प्रत्यय मात्र छळतात, आणि ते पुस्तकापेक्षा कानानेच लवकर साधतात. नागराज यांचे १९९९ चे इंग्रजी व्याकरण, त्यातील कथा व शब्दसंग्रह यांचा आधार उत्तम आहे. पण व्याकरण हाती घेण्यापूर्वी अंगणात खेळणाऱ्या पोरांजवळ बसावे. ती चूक सुधारताना भीड बाळगीत नाहीत.

त्याच पोरांपैकी एखादे पुढे जूनमध्ये पहिलीच्या वर्गात येते, आणि मास्तरांचा सारा अभ्यास त्याच्या वाट्यास उलट्या बाजूने येतो. दोन कुत्र्यांसाठी वेगळा प्रत्यय मराठीत त्यास सापडत नाही. आणि दगड 'तो', माती 'ती', पाणी 'ते' का, हे त्याला कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. मास्तरांनाही येत नाही.