अमेरिकेतील मेक्सिकन कुटुंबे

अमेरिकेतील मेक्सिकन लोकांविषयी बोलताना 'ते तिकडे जाऊन राहिले' असे आपण सहज म्हणून जातो. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत हे विधान मुळातच खरे नाही. 1836 साली टेक्सस मेक्सिकोपासून फुटला आणि 1845 साली अमेरिकेत सामील झाला. त्यानंतरच्या युद्धाचा शेवट 1848 साली ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने झाला व कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सस धरला तर मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूमी गमावली. त्या मुलखातली मेक्सिकन घरे जागची हलली नव्हती. सीमाच त्यांच्या दारावरून पुढे सरकली. लॉस एंजलिस, सॅन अँटोनियो, सांता फे ही नावे स्पॅनिश का, याचा उलगडा येथे होतो.

पण आज ज्यांना आपण स्थलांतरित म्हणतो त्यांतील बहुतेक पुढे आले, आणि ते पोटासाठी आले. रेल्वेचे रूळ, कापसाची शेते, फळबागा, सगळीकडे माणसे हवी होती. 1930 नंतरच्या मंदीत मात्र याच माणसांना लाखोंच्या संख्येने परत धाडण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेली, कायद्याने अमेरिकन असलेली मुलेही होती. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा हातांची टंचाई पडली. तेव्हा 1942 साली दोन्ही सरकारांनी करार करून मजूर नेण्यास आरंभ केला. या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. 'ब्रासो' म्हणजे बाहू. नावातच सारा व्यवहार आला आहे. 1964 पर्यंत असे सुमारे 46 लाख करार झाले. त्यांत बाहूंची मोजदाद होती, बायकामुलांची नव्हती. पुरुष हंगामापुरता जाई, कुटुंब गावी राही, आणि डॉलरांवर घराची एकेक भिंत उभी राहत असे.

योजना बंद झाली म्हणून शेतातले पीक थांबले नाही. मळेवाल्याला तोच मजूर हवा होता आणि मजुरालाही तीच वाट ठाऊक होती. तो आता कागदाशिवाय येऊ लागला, इतकाच फरक. तरीही पुष्कळ वर्षे जाणेयेणे चालू होते. 1993-94 पासून एल पासो आणि सॅन दिएगो येथे पहारा कडक झाला, कुंपणे वाढली, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. परत येण्याची वाट अवघड झाल्यावर माणसे घरी जाईनाशी झाली! हंगामी मजूर कायमचा रहिवासी बनला आणि त्याने बायकामुलांनाही तिकडेच बोलावून घेतले. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी या गोष्टीचा दीर्घ अभ्यास केला आहे. माणसांना बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या कुंपणाने त्यांना आत कोंडले, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांला पटतो.

आता या घरात डोकावू. आईबापांजवळ कागद नाहीत. थोरला मुलगा कडेवर आलेला, तोही बिनकागदाचा. धाकटी तेथेच जन्मली म्हणून 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जन्मतःच नागरिक. एका ताटात जेवणारी भावंडे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातीची. शाळेत दोघेही जातात, कारण बिनकागदाच्या मुलांना शाळेची दारे बंद करता येणार नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली टेक्ससच्या खटल्यात दिला. भेद कळतो तो पुढे, नोकरीच्या वयात. 2012 साली लहानपणी आणलेल्यांसाठी तात्पुरती सवलत निघाली. पण सवलत म्हणजे नागरिकत्व नव्हे.

भाषेची कथा याहून नाजूक आहे. इंग्रजी येते ती मुलांना. म्हणून दवाखान्यात, कचेरीत, घरमालकाशी बोलताना दहा वर्षांची मुलगी आईची दुभाषी होते. आईचे दुखणे डॉक्टरला तिने सांगायचे आणि डॉक्टरने सांगितलेले वाईट निदान आईलाही तिनेच सांगायचे. घरातला वडिलकीचा क्रम अशा वेळी उलटा होतो, आणि त्याचा सल बापाच्या मनात राहतो. पूर्वी टेक्सससारख्या राज्यांत शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. तो मार ज्यांनी खाल्ला त्यांतील कित्येकांनी आपल्या मुलांना स्पॅनिश शिकविलेच नाही. आम्ही त्यांना दोष देणार नाही. मात्र त्या मुलांना आजोळी गेल्यावर आजीशी बोलता येत नाही, आणि तिथली भावंडे त्यांना 'पोचो' म्हणून चिडवतात. पोचो म्हणजे रंग उडालेला, बेचव झालेला मेक्सिकन. अमेरिकेत मेक्सिकन आणि मेक्सिकोत अमेरिकन, अशी ही त्रिशंकू अवस्था.

या घरांशी आपला भारतीय संबंधही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना 1917 च्या कायद्यामुळे देशातून बायका आणता येईनात. गोऱ्या स्त्रीशी लग्नही कायद्याला मंजूर नव्हते. त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार मांडले. बहुतेक पुरुष शीख असूनही लोक या कुटुंबांना 'मेक्सिकन हिंदू' म्हणत. मुलांची नावे होसे सिंग, मारिया सिंग अशी, आणि घरची भाषा आईची, स्पॅनिश. रोटी आणि तोर्तिया यांचे भांडण त्या चुलीपाशी फारसे झाले नसावे.

बाकीच्या घरांतही जुने सर्व सुटले आहे असे नाही. मुलगी पंधरा वर्षांची झाली की 'किन्सेआन्येरा'चा सोहळा कर्ज काढूनसुद्धा होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांसाठी वेदी मांडतात: फोटो, मेणबत्त्या, पाव, आणि झेंडूची फुले. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.

या वेदीवर अलीकडे एक निराळ्या प्रकारचा फोटो दिसतो. 1996 च्या कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक काळ कागदांशिवाय राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, तर त्याला दहा वर्षे परत येण्यास बंदी होते. गावी आई वारली तर जावे कसे? मुले तर इकडे. तेव्हा मुलगा टेलिफोनवर अंत्यविधीचा आवाज ऐकतो, खर्चाचे डॉलर पाठवितो, आणि नोव्हेंबरात शिकागोच्या खोलीत तिचा फोटो झेंडूच्या फुलांत ठेवतो. नात विचारते, ही कोण? तो स्पॅनिशमध्ये सांगू लागतो आणि मध्येच थांबून इंग्रजी शब्द शोधतो.