खिशातली वर्गणी

सोसायटीच्या गणपतीचा मी सहा वर्षं खजिनदार आहे आणि पोटासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फौजेतला नव्हे, हे आईला अजून पटलेलं नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच : आत्ता एकूण किती?

पावतीपुस्तकं बारा पोरांकडे असतात. प्रत्येक पन्नास रुपयांसाठी पोरगं जिना उतरून माझ्या वहीत नोंद करायला आलं, तर माझ्या दारात रांग लागेल आणि वर्गणी राहील बाजूला. म्हणून ठरलंय, खिशात दोन हजार जमले की आणून द्यायचे, नाहीतर रात्री नऊला. तोवर वहीतला आकडा थोडा शिळा.

कर्नलमध्ये मेमरीचा हिशेब असाच चालतो. प्रोसेसरचे कोअर मेमरीची पानं (एक पान बहुधा ४ केबीचं) सारखी घेतात आणि परत करतात. सगळ्यांनी एकच सामायिक आकडा बदलायचा म्हटलं, तर तो ज्यात आहे तो ६४ बाइटांचा तुकडा या कोअरच्या कॅशमधून (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) त्या कोअरच्या कॅशमध्ये नुसता हिंडत राहतो आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून २००६ मध्ये क्रिस्टॉफ लामेटर यांनी प्रत्येक कोअरला आपापला खिसा दिला, तोही एका बाइटाचा. चिन्हासकट त्यात १२७ पर्यंतच मावतं, म्हणून मर्यादा फार तर १२५ पानांची. ती ओलांडली की फरक मुख्य आकड्यात जातो. शिवाय साधारण दर सेकंदाला खिसे झटकले जातात.

आता ६४ कोअर धरा. प्रत्येकी १२५, म्हणजे ८,००० पानं, ३२,००० केबी. शेकडो जीबीच्या मशीनला त्याचं काय! पण मेमरी तळाला लागली की तेवढ्यावरच सगळं अडतं. आकडा म्हणतो ‘आहे’, हात घालावा तर डबा रिकामा, आणि अगदी निकडीसाठी राखलेली पानंही उचलली जातात. २०१० मध्ये लामेटर आणि मेल गॉर्मन यांनी दुरुस्ती केली : शिल्लक एका खुणेखाली गेली की प्रत्येक कोअरचा खिसा तपासून बेरीज करायची. काम खर्चिक, पण तंगीतच करायचं. मला ही अक्कल फार आवडते.

माझी स्वतःची फजिती वेगळ्या जागी झाली. एका ड्रायव्हरमध्ये मी दोन आकडे साठवून ठेवत होतो, एकूण बाइट आणि मोजल्याची वेळ. नवे बाइट आणि जुनी वेळ अशी जोडी वाचली गेली की वेग भलताच निघे. त्यावर रूढ उपाय म्हणजे एक क्रमांक. लिहिणारा सुरुवातीला तो एकने वाढवतो, संपल्यावर पुन्हा एकने. वाचणाऱ्याला विषम क्रमांक दिसला, किंवा वाचून होईपर्यंत क्रमांक बदलला, तर त्यानं पुन्हा वाचायचं. कुलूप नाही, रांग नाही. मी खूश.

तिसऱ्या दिवशी चाचणीचं मशीन गोठलं. लिखाण अर्ध्यावर असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला, म्हणजे ‘हातातलं थांबव, आधी हे कर’ अशी हाक, आणि त्यातलं माझंच दुसरं फंक्शन तेच आकडे वाचायला बसलं. क्रमांक विषम. तो सम करणारा खाली खोळंबलेला, इंटरप्ट संपल्याशिवाय त्याला कोअर मिळेना. आणि क्रमांक सम झाल्याशिवाय इंटरप्ट संपेना. शोधायला आठवडा गेला, दुरुस्ती दोन ओळींची : लिहिण्यापुरते त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद.

मेमरीच्या त्या हिशेबात एक बारीकशी ओळ आहे. एका कोअरनं घेतलेली पानं नोंदली गेली आणि दुसऱ्यानं परत केलेली अजून खिशातच असली, तर मुख्य आकडा क्षणभर शून्याखाली जाऊ शकतो. ती ओळ अशा वेळी मुकाट्यानं शून्य सांगते. मांडववाल्याला दिलेले पैसे वहीत चढले आणि वर्गणी पोरांच्या खिशात राहिली, तेव्हा अध्यक्षांना मीही दोनदा तेच सांगितलंय.